दुपट्ट्याखालचा भाव

२ जून, सोमवार

लेखीचा निकाल आला. मुलाखतीला बोलावलं!!

आधी ओरडली. मग आकडा वाचला आणि चूप बसली. एकशेवीस जणांना बोलावलंय, जागा चाळीस. तिघांत एक. आई म्हणाली, "तिघांत एक म्हणजे होतेच न वं!" आईचं असंच. पावसाचा अंदाज तीस टक्के असला की गच्चीवरचे पापड उचलते, आणि माझा तीस टक्के असला की पेढे आणायला निघते.

संस्थेचं नाव इथंही लिहीत नाही. घरातही कोणी घेत नाही. आई म्हणते नजर लागते. आबाजी म्हणतात, कच्च्या सौद्याचं नाव बजारात काढू नाही. म्हणून आमच्याकडे ती नुसती 'तिकडे' आहे. 'तिकडून काही आलं का?' 'तिकडे जेवाले काय भेटते?' दक्षिणेत आहे, संख्याशास्त्र शिकायचं तर तिथंच असं सगळे म्हणतात, आणि दहा-बारा हजार पोरं परीक्षा देतात. एवढं पुरे.

मला दुसरीकडे कुठे जायचंच नाही. हे पण एकदा लिहून टाकते. घरात 'झालं तर झालं' म्हणत फिरते ते सगळं नाटक आहे.

अभ्यासिकेतून आम्ही दोघंच — मी आणि ऋषिकेश.

७ जून, शनिवार

आज काजल मागे लागली. "दिपाली, माझा भाव फोड न."

हे माझ्यामुळेच सुरू झालं. कळमन्याच्या यार्डात बाबांची अडत आहे — तूर, चणा, गहू. सकाळी पहिल्या ढिगाचा लिलाव झाला की लोक म्हणतात, भाव फुटला. मी अभ्यासिकेत एकदा बोलून गेली आणि पोट्ट्यांनी धरूनच ठेवलं. आता ज्याला त्याला आपला चान्स किती, ते माझ्या तोंडून पाहिजे.

काजलला डॉक्टर व्हायचंय. तिचे मार्क पाहिले, मागची कटऑफ पाहिली, सांगून टाकलं — सरकारी कॉलेज, दहात एक. रडली. मग नाक पुसलं आणि मला तर्री-पोहे खाऊ घातले. तिनेच, मला! म्हणाली, "घरचे सारे गोड गोड बोलतात वं. तू एकटी खरं सांगते."

मला खरं सांगायला आवडतं. लोक म्हणतात जीभ कडू आहे. असू दे बाप्पा, कडुलिंबाचं पण कोणी तोंडावर कौतुक करत नाही, तरी दारात लावतातच.

ऋषिकेश जरीपटक्याचा. त्याचे बाबा वामनराव — त्यांचे दोन टेम्पो कळमन्यातून माल वाहतात, आमचाही कधीकधी नेतात. लेखीत तो माझ्या पुढे आहे. मागच्या सगळ्या वर्षांचे पेपर त्याने तीन-तीनदा घासलेत. ओळखीचा प्रश्न आला की माझं वाचून होईपर्यंत याचं उत्तर तयार. पण प्रश्न थोडा तिरपा झाला की संपलं! पांढरा पडतो, पेन ठेवतो, आणि उठून कूलरचा पंप उघडून बसतो. अभ्यासिकेचा कूलर सारा उन्हाळा त्यानेच चालवला, ही गोष्ट वेगळी. पंप उघडला की चेहरा असा फुलतो — गणितासमोर तसा मी कधी पाहिला नाही.

९ जून, सोमवार

अभ्यास. आंबे. अभ्यास. बस.

१४ जून, शनिवार

झाली मुलाखत. ऑनलाईन.

आमच्या बेसाकडे जिकडे पाहा तिकडे बांधकाम. शेजारच्या प्लॉटवर बरोबर त्याच टायमाला मिक्सर सुरू झाला — घर्र घर्र घर्र! आई पदर खोचून गेली. काय बोलली माहीत नाही. पण मिक्सर बंद, आणि सगळे मिस्त्री आमच्या अंगणात चहा पिऊन राहिले. मी आत, दार लावून, तीन प्रोफेसरांसमोर.

पहिले दोन प्रश्न जमले. तिसरा अजिबात नाही. मी म्हटलं, उत्तर येत नाही, अंदाज सांगू का? एक मॅडम हसल्या. सांगा म्हणाल्या. सांगितला. तसाच काहून वाटतो तेही सांगितलं. मग त्या तिथंच खोदत बसल्या — असं असलं तर? तसं असलं तर? — आणि मला एवढी मजा आली की ही मुलाखत आहे हेच विसरली! संपल्यावर ध्यानात आलं, अंदाज तर चुकीचाच होता.

संध्याकाळी ऋषिकेशचा फोन. "एकही तिरपा नाही आला यार! तिन्ही ओळखीचे." आवाज असा, जसा काही फाशीवरून उतरवलाय.

१५ जून, रविवार

आबाजी — म्हणजे बाबांचे बाबा, नत्थूजी — तरणे होते तेव्हा बैलबाजारात सौदे करायचे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात घेतात, वरून दुपट्टा टाकतात, आणि बोटं दाबून भाव सांगतात. बाजूला उभं असलेल्याला काही कळत नाही. यार्डात आता सगळा उघडा लिलाव. पण आमच्या घरात मोठ्या गोष्टीचा अंदाज अजूनही दुपट्ट्याखालीच घेतात. बारावीच्या वेळी घेतला, आईच्या ऑपरेशनच्या वेळी घेतला. एक बोट म्हणजे दहात एक. आकडा तोंडाने काढला की काम बिघडते म्हणे! मी संख्याशास्त्र शिकायला निघालेली, आणि हे पाळते. कोणाला सांगायची सोय नाही.

आज चहा झाल्यावर आबाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. "आण हात."

मी त्यांची तीन बोटं धरली. तिसरा प्रश्न गेला होता, तीनच्या वर कशी जाणार? आबाजी म्हणाले, "बस?" आणि माझी पाचही बोटं दाबली, वर अजून एक. मग बाबांनी हात घातला. बाबांनी आधी पाच दाबली, मग परत पाच. दहात दहा!

बाबा, असं नसते. ज्याचं प्रेम जास्त त्याचा आकडा जास्त, असं असतं तर सगळ्याच पोरांचं झालं असतं. पण हात तसाच राहू दिला.

२६ जून, गुरुवार

यादी लागली. ऋषिकेश छत्तिसावा — त्याला जागा मिळाली.

मी वेटिंगवर. नंबर सात.

२७ जून, शुक्रवार

काल रडली नाही. काल राग आला होता. आज शांत डोक्याने बसली.

वेटिंग मागच्या वर्षी नऊपर्यंत सरकली. त्याच्या आधी तीन. त्याच्या आधी सहा. सरासरी काढली — सहा. सरासरीनेच मारलं!

आईने विचारलं, "सातवा नंबर म्हणजे चांगला का खराब?" म्हटलं, यादीतले सात जण सोडून गेले तर चांगला. "मंग जातीन न! इतल्या दूर कोणाची माय पाठवते?" तिचा चेहरा इतका सरळ होता की मला हसूच आलं. तू तर पाठवून राहिली न आई.

वाईट याचंच वाटते की आता माझ्या हातात काही नाही. परीक्षा होती तोवर अभ्यास तरी करता येत होता. आता रोज उठायचं आणि सात अनोळखी पोरं दुसरीकडे जावीत म्हणून वाट पाहायची. त्यांचं वाईट नाही चिंतत. त्यांचं दुसरीकडे भलं व्हावं, एवढंच!

१ जुलै, मंगळवार

सरकली. तीन.

५ जुलै, शनिवार

सहा!!! सहापर्यंत आली!

संस्थेच्या साईटवर आकडा दिसतो: चाळीसपैकी एकोणचाळीस जणांनी जागा पक्की केली. एक बाकी. त्याने अकरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत कळवायचं. नाही म्हटलं तर ती जागा वेटिंगच्या सातव्या नंबरला. म्हणजे मला.

तो एक कोण, हे साईटवर लिहिलेलं नसतं. पण मला माहीत आहे. काल अभ्यासिकेत ऋषिकेश बोलला — "मी अजून काही कळवलं नाही. काहीच समजून नाही राहिलं." इथे मेकॅनिकलला त्याला सहज मिळते.

दहा हजारांपासून मोजत मोजत आली, आणि शेवटी सगळं एका पोट्ट्यावर येऊन थांबलं. तोही असा की ज्याच्यासोबत रोज डबा खाते.

६ जुलै, रविवार

जेवताना घरात सांगितलं. सांगायला नको होतं का? पण लपवू तरी कशी, आई माझा श्वास पण मोजते.

बाबांनी घास थांबवला. "म्हणजे आता गिऱ्हाईक एकच राहिला?"

"गिऱ्हाईक नाही बाबा —"

"तेच न." आणि वरणभात कालवत राहिले, किती तरी वेळ.

८ जुलै, मंगळवार

नीट लिहिते. सगळं लिहिते.

दुपारी फाटक वाजलं. ऋषिकेश. जरीपटक्याहून बेसा म्हणजे सारं नागपूर ओलांडून यायचं, आणि हा याआधी कधी घरी आलेला नाही. आईने पाणी दिलं, चिवडा दिला, आत गेली. आम्ही वऱ्हांड्यात बसलो. तो चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत बसला. मग म्हणाला, "तुह्या बाबानं काल माह्या बाबाले यार्डात धरलं."

"धरलं म्हणजे?"

"दुपट्ट्याखाली हात घेतला म्हणते."

मला कळेना. मग कळायला लागलं आणि वाटलं, कळू नये. बाबा वामनरावांना म्हणाले — पोट्ट्याले इथंच राहू द्या, आमच्या अडतीचा सारा माल वर्षभर तुमच्याच टेम्पोनं जाईन. बोटं दाबून सांगितलं, किती खेपा. वामनराव हसले, हात सोडवून घेतला, म्हणाले, पोराले विचारतो.

"पण घरी येऊन बाबा काय म्हणते माहीत हाय? म्हणते, ज्या मालासाठी अडतवाला धर्मेंद्र स्वतः हात टाकते, तो माल सोडाचाच नाही. परवापर्यंत ते चूप होते यार! आता मामा, मास्तर, शेजारचे, सारे — जा म्हणजे जा. एवढं मोठं नाव, सोडते का कोणी?"

लाजेने माझे कान तापले. त्याच्याकडे पाहवेना. मी बाबांच्या वतीने काही तरी पुटपुटली, त्यालाच ऐकू गेलं नसेल.

तो म्हणाला, "ते जाऊ दे. बापलोकांचं असंच चालते. मी तुले दुसरंच विचाराले आलो. तू तोंड पाहून बोलत नाही म्हणून. मी तिथं टिकीन का?"

आता इथे खरं लिहिते, इथे कोण पाहते.

नाही टिकणार. मला उन्हाळ्यापासून माहीत आहे. तिथे सगळे प्रश्न तिरपेच असतात, रोज, तेच तर शिकवतात. मला मुलाखतीत जिथे मजा आली, तिथेच हा पांढरा पडतो. आणि तिथे उघडून बसायला कूलर नसणार. इथे मेकॅनिकलला गेला तर राजा होईल राजा. माझा अंदाज, दहात दोन. मागच्या आठवड्यात त्याने विचारलं असतं तर पोहे खाता खाता सांगून टाकलं असतं.

पण आज? काल बापाने दुपट्ट्याखाली हात घातला आणि आज पोरगी म्हणते, नको जाऊ! कोण मानेल? बाबांनी एका हाताने मागितलं, मी दुसऱ्या हाताने मागितलं, एवढंच झालं असतं. आणि खरं म्हणजे मलाच भरवसा वाटेना. हे दोन मी त्याच्याकडे पाहून काढले की त्या जागेकडे पाहून? मला ती जागा इतकी पाहिजे आहे की माझ्या आकड्याला तिचाच वास येत असेल तर? आजवर काजलचा काढला, सगळ्यांचा काढला, कधी असं झालं नाही.

मी म्हटलं, "दहात आठ. जा. जमन तुले."

तो पाहतच राहिला. "खरंच?"

"मी काहून खोटं बोलू? माझीच तर जागा जाऊन राहिली."

त्याने मान हलवली, उरलेला चिवडा संपवला, उठला. जाताना फाटक दोनदा पुढे-मागे करून पाहिलं, म्हणाला, "बिजागरीत तेल सोड, खालची घासून राहिली."

तो गेला आणि मला एकदम हलकं वाटलं. छाती फुगली म्हण ना! आमच्या घरात सगळेच सौदा करत नाहीत, हे कोणाला तरी दिसलं.

९ जुलै, बुधवार

बाबांशी भांडली. आयुष्यात पहिल्यांदा एवढी.

"कोणाले विचारून गेले तुमी? तो पोट्टा काय तुरीचं पोतं हाय?"

बाबा खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "तुह्यासाठीच गेलो न वं. मले दुसरं काय येते? ज्या रीतीनं येते त्या रीतीनं मांगाले गेलो."

मग आबाजी बोलले. त्यांना रीतीचा राग नव्हता, सौदा चुकला याचा होता. "धर्मेंद्रा, गरज दाखवली की भाव चढते. जिंदगी यार्डात गेली तुही, अन् एवढंही नाही समजलं? चूप बसला असता तर वामनरावानं पोट्ट्याले घरीच ठेवलं असतं. तूच त्याले दाखवलं, माल किती महाग हाय ते."

बाबांनी दुपट्टा घडी करून खुंटीला अडकवला आणि बाहेर गेले.

मी जेवणार नव्हती. मग भूक लागली, जेवली.

ऋषिकेशला मी काय सांगितलं, ते घरात कोणाला सांगितलं नाही. आई म्हणेल, येडी आहेस. बाबांना तर आधीच कमी लागलेलं नाही.

१० जुलै, गुरुवार

एकोणचाळीस.

दिवसभर फोन उलटा ठेवला. तरी सरळ करून पाहतच होती. तो ऐनवेळी 'नाही' म्हणेल असं वाटते. मी 'जा' म्हटलं तरी! म्हणजे मला मोठेपण पण पाहिजे आणि जागा पण पाहिजे. वा ग दिपाली!

११ जुलै, शुक्रवार

चाळीसपैकी चाळीस.

१२ जुलै, शनिवार

काल खूप रडली. उशी ओली, ओढणी ओली. आई पाठीवरून हात फिरवत बसली होती, तिला वाटत होतं मी झोपली.

आज सकाळी आई भाजी चिरता चिरता संस्थेचं पूर्ण नाव बोलली. मोठ्याने, पहिल्यांदा, गावाच्या नावासकट. मी पाहिलं तर म्हणाली, "आता काय नजर लागाची?" तिचा उच्चार अगदी बरोबर होता. म्हणजे मनातल्या मनात किती वेळा घेतलं असेल.

बाबा माझ्या खोलीच्या दारात आले, उभे राहिले. "मीच बिघडवलं न वं?" मी म्हटलं, नाही बाबा, तो तसाही गेला असता. त्यांना खरं वाटलं नाही, पण आत येऊन बसले. माझा राग गेला होता. कधी गेला ते माहीत नाही.

१९ जुलै, शनिवार

ऋषिकेश गेला. स्टेशनवर गेली होती मी. वामनरावांनी सगळ्यांना पेढे वाटले, मलाही दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्यांचा जरा पण राग आला नाही. ऋषिकेश खिडकीत बसला होता, घामाघूम. म्हणाला, "तू म्हटलं होतं, आठ." म्हटलं, हाव, आठच.

२१ जुलै, सोमवार

इथेच बीएस्सीला नाव घातलं. संख्याशास्त्र आहेच. बर्डीपर्यंत मेट्रो, मग पायी. वर्गात अठरा जण. सर बरे आहेत, विचारलं की चिडत नाहीत.

वाईट नाही. लिहून पाहिलं, खरंच वाईट नाही.

३ ऑगस्ट, रविवार

ऋषिकेशने तिकडचा गृहपाठ पाठवला. "पहिला कसा सुरू करायचा एवढंच सांग."

काय प्रश्न होता! तीन तास गेले, चहा गार झाला, आई दोनदा ओरडून गेली. शेवटी सुटला तेव्हा मी एकटीच खोलीत हसत होती. सगळंच पाठवून दिलं. त्याचा निरोप: "थँक्स. तुले हे मजेचं वाटते?"

वाटते न!

१७ ऑगस्ट, रविवार

परत गृहपाठ. सहाच्या सहा प्रश्न. आज 'कसा सुरू करू' पण नाही, नुसते फोटो. सोडवले, पाठवले. मला तर घरबसल्या तिकडचं शिक्षण मिळून राहिलं — हे बाबांना सांगितलं तर हसले. खूप दिवसांनी.

विचारलं, बरा आहेस न? म्हणाला, इथे हॉस्टेलचे पंखे सगळे मीच दुरुस्त केले.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबतीची मिरवणूक पाहायला गेली काजलसोबत. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" घसा बसेपर्यंत ओरडलो. काजल पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसणार. म्हणाली, भाव फोड. म्हटलं, आता मी कोणाचा फोडत नाही. का ते तिने विचारलं नाही, बरं झालं.

७ सप्टेंबर, रविवार

ऋषिकेशचं काही नाही. गृहपाठ पण नाही, निरोप पण नाही. बहुतेक रुळला. माझे दोन चुकले आणि आठ खरे निघाले की काय! निघाले तर चांगलंच आहे. मनापासून म्हणते.

कॉलेजात सरांनी मला पोरांना शिकवायला उभं केलं, एक प्रकरण. छान झालं.

२८ सप्टेंबर, रविवार

ऋषिकेश परत आला. पेटीसकट, कायमचा. संध्याकाळी अभ्यासिकेच्या पायरीवर भेटला, अर्धा झालाय. तिकडची ती जागा आता रिकामीच राहणार, मध्येच कोणाला घेत नाहीत. इथल्या मेकॅनिकलची मुदतही गेली.

म्हणाला, "साऱ्यांनी जा म्हटलं, तरी मी कोणाचं ऐकलं नव्हतं. 'नाही' लिहूनच ठेवलं होतं मी. नुसतं पाठवाचं राहिलं होतं. मंग तुह्याकडे आलो."

मग त्याने खाली पाहूनच विचारलं, "तवा तुले खरंच वाटे न, मले जमन म्हणून?"

मी हाव म्हटलं.